नॉर्बच्या माद्या

"दहा गॅलन? त्यात सूप कर, बाबा. मासे कशाला मारतोस?"

नॉर्ब झास्ट्रोचं हे ठरलेलं वाक्य. मासे पाळणाऱ्यांच्या क्लबात कुणी नवखा यायचा, टोपी हातात धरून भीतभीत विचारायचा, की घरात छोटीच टाकी आहे, तिच्यात कुठले सिक्लिड मासे राहतील? नॉर्ब खुर्चीतून मानसुद्धा न वळवता हे फेकायचा. सगळे हसायचे. नवखाही हसायचा आणि पुष्कळदा पुढच्या महिन्यात फिरकायचाच नाही.

त्याच नॉर्बला त्याची लेक मार्नी सांगत होती, "डॅड, तिथे दहा गॅलनची टाकी चालते. एकच. मी दोनदा विचारून घेतलंय."

जानेवारीत तो तळघराच्या जिन्यावरून बादलीसकट खाली आला होता आणि खुब्याचं हाड गेलं होतं. आता घर विकायचं, आणि त्याने म्हाताऱ्यांच्या त्या नव्या इमारतीत जायचं, जिथे लिफ्ट आहे, भिंतीला धरायला दांडे आहेत आणि दर मंगळवारी कुणीतरी येऊन अकॉर्डियन वाजवतं.

"सूप करायला सांग त्यांना," नॉर्ब म्हणाला.

मार्नी हसली नाही. ती आईच्या बशा वर्तमानपत्रात गुंडाळत होती. तिच्या आईला जाऊन सहा वर्षं झाली होती आणि बशा तशाच होत्या, कारण नॉर्ब खाली तळघरातच जेवायचा, टाक्यांसमोर, स्टुलावर. डोलोरेस जिवंत होती तेव्हा पाहुण्यांना सांगायची, "मी वरच्या मजल्यावरची भाडेकरू. ह्याचं कुटुंब खाली राहतं."

शबॉयगन शहरात मासे पाळणाऱ्या मंडळींत ते तळघर सगळ्यांना ठाऊक होतं. भिंतीला भिंत लागून टाक्या, एकावर एक तीन मजले, मधून चालायला एका माणसापुरती वाट. पण बघायला लोक यायचे ते मागच्या भिंतीजवळच्या एका मोठ्या टाकीसाठी. तिच्यात त्याचे 'काळे' होते.

हा मासा आफ्रिकेतल्या मोठ्या तलावातला. नॉर्बला तो अठ्ठावीस वर्षांपूर्वी एका माणसाकडून मिळाला, आणि त्या माणसाने तो थेट तलावावरून आणला होता. नंतर तलावात सोडलेल्या एका मोठ्या खादाड माशाने बाकीच्यांचा फडशा पाडला. नॉर्ब म्हणायचा, "आता तिथे जाऊन आयुष्यभर जाळं टाकत बसलास तरी हा हाती लागायचा नाही. आहेत ते माझ्या तळघरात." खरं किती, खोटं किती, कुणी बघायला गेलं नव्हतं. पण दुसरीकडे कुठे हा मासा कुणी पाहिला नव्हता एवढं खरं.

नर बघत राहावा असा. पोलादी निळं अंग, त्यावर काळे पट्टे, शेपटी पेटल्यासारखी नारिंगी. मादी चिखलाच्या रंगाची. नुसती चिखल. तिच्याकडे बघून कुणी 'वा' म्हटल्याचं कुणाला आठवत नाही. अंडी तीच तोंडात धरणार, पिल्लं सुटी होईपर्यंत उपाशी राहणार, पोट खपाटीला जाणार. फोटो नराचा.

आणि मादी नॉर्ब कुणाला द्यायचा नाही.

क्लबाचा लिलाव वर्षातून दोनदा. जो तो आपापली पिल्लं पिशव्यांत भरून आणतो, पिशवीवर माशाचं नाव आणि आपलं नाव लिहितो, आणि बेव्ह नावाची एक आडव्या बांध्याची बाई स्टेजवर उभी राहून गाव गोळा होईल अशा आवाजात बोली लावते. नॉर्बच्या पिशव्यांत फक्त नर. पिशवी वर केली की बेव्ह ओरडायची, "आली रे आली, झास्ट्रोंची बिनलग्नाची पोरं!" हॉल हसायचा. नॉर्बला तो विनोद आवडायचा. त्याला वाटायचं, हे हसणं आपल्या बाजूचं आहे.

एल्डनने एकदा सरळ मागितल्या होत्या. एल्डन म्हणजे शाळेची बस चालवून निवृत्त झालेला, काटकुळा, कानात यंत्र, क्लबात नॉर्बच्याच बरोबरीचा जुना.

"चार माद्या दे. तुझ्या टाकीला उद्या काही झालं तर माझ्याकडे राहतील."

"तुला दिल्या की गावभर होतील."

"होऊ देत की. म्हणून तर मागतोय."

"गावभर झाले की मग माझ्याकडे बघायला कोण येणार?" नॉर्ब म्हणाला होता. थट्टेने. म्हणजे, थट्टेच्या सुरात.

तळघर मोडायला मार्चमध्ये एल्डनच आला. दुसरं कोण येणार? तो पालथ्या बादलीवर बसून नळ्या गुंडाळत होता आणि नॉर्ब वॉकरला टेकून हुकूम सोडत होता.

"मग तिकडे नेणार काय?" एल्डनने विचारलं. "दहा गॅलनमध्ये?"

"काही नाही."

"रॅमची जोडी ने. छोटे असतात, रंगीत असतात. म्हाताऱ्याबिताऱ्या बघायला येतील."

"रॅम? ह्या पाण्यात? रॅमला मऊ पाणी लागतं. आपल्या नळाचं पाणी उकळलं की किटलीत खडू जमतो. महिन्यात मरतील."

"क्रिब?"

"क्रिब चांगला. पण पोरं झाली की बाकीच्या सगळ्यांना कोपऱ्यात दाबून ठार करतो."

"मग बाकीचे ठेवूच नकोस. नुसती जोडी."

"आणि पोरं कुठे ठेवू? बाथटबमध्ये? तिथे तर मला धरून आंघोळ घालायला बाई येणार आहे."

एल्डन हसला. नॉर्ब हसला नाही. थोड्या वेळाने मागच्या भिंतीकडे बघत म्हणाला, "मी काळ्यांतला एक नर नेतो. एकच. मोठ्यातला."

एल्डनने नळी खाली ठेवली. "वीतभर मासा आणि हातभर टाकी. काचेत स्वतःलाच बघून धडका देत बसेल. एकटा. नवख्यांनी असं काही विचारलं की तू काय सांगायचास, सांगू का?"

"नको."

"सूप—"

"नको म्हटलं ना!"

मग एल्डनने शंखवाल्यांचं काढलं. आफ्रिकेतल्याच दुसऱ्या एका तलावातला हा सिक्लिड, बोटाच्या दोन पेरांएवढा, करडा, बारीक उभ्या रेघांचा. गोगलगायीच्या रिकाम्या शंखात राहतो. तळाला वाळू पसरायची, वर मूठमूठ शंख टाकायचे, बस. कडक पाणी त्याला हवंच असतं. दहा गॅलनमध्ये त्यांची अख्खी वस्ती राहते, पोरंसुद्धा घरातच वाढतात, कुणी कुणाला मारत नाही.

"तो मासा आहे का?" नॉर्ब म्हणाला. "तो तर खऱ्या माशाच्या दातात अडकलेला तुकडा आहे."

"सिक्लिड आहे. सारखा वाळू उपसतो, शेजाऱ्याशी भांडतो, घराजवळ बोट नेलं तर चावतो. तुझ्यासारखाच आहे, नुसता लहान."

"नको मला."

"बरं. आणि काळे?"

प्रश्न हाच होता. बाकीच्या टाक्या रिकाम्या झाल्या होत्या. मागची तेवढी चालू होती. फिल्टरची गुरगुर आता एकट्या तिचीच ऐकू येत होती.

"माझ्याकडे पंचाहत्तर गॅलनची टाकी रिकामी आहे," एल्डन म्हणाला. "दुसरं काही टाकणार नाही तिच्यात. फक्त हे."

"कुठे आहे?"

"कपडे धुवायच्या खोलीत."

नॉर्बने त्याच्याकडे असं बघितलं की एल्डनने मान खाली घातली. "वॉशिंग मशीनच्या बाजूला," नॉर्ब म्हणाला. "अठ्ठावीस वर्षं. आणि वॉशिंग मशीनच्या बाजूला."

"माशांना काय कळतंय मशीन आहे की चर्च आहे?"

"ट्रॉय दोनशेवीस गॅलन देतोय."

ट्रॉय म्हणजे नदीजवळच्या बारचा मालक. चाळिशीचा, भला माणूस, सगळ्यांच्या पाठीवर थाप मारणारा. क्लबात दोन वर्षांपूर्वी आला, आणि आला तोच मोठी टाकी घेऊन, त्यामुळे नॉर्बने त्याला सूप करायला सांगितलं नव्हतं. बारच्या काउंटरमागे, बाटल्यांच्या जागी, भिंतभर काच. ट्रॉय म्हणाला होता, "नॉर्ब, तुमचे मासे तिथे ठेवू. आणि खाली पितळी पाटी लावू. 'झास्ट्रोंचे काळे.' दर शुक्रवारी तळलेले मासे खायला येणारं अर्धं शहर बघेल." नॉर्बला त्या रात्री झोप लागली नव्हती, आणि ती खुब्यामुळे नव्हती.

"ट्रॉय चांगला आहे," एल्डन म्हणाला. "पण त्याला मासे माहीत नाहीत, टाकी माहीत आहे. बारमध्ये लोकांना रंग लागतो. तुझ्या माद्या चिखलाच्या. किती दिवस गप्प बसतील लोक?"

"दुसरं काही टाकणार नाही असा शब्द दिलाय त्याने."

"मग त्याला दे. पण थोडे मलाही दे. दोन नर, सहा माद्या. दोन ठिकाणी असले की बरं असतं, हे तुलाही कळतं."

फिल्टर गुरगुरत होता. एक मादी तोंडात अंडी घेऊन दगडाच्या आडोशाला उभी होती, गाल फुगलेले, कल्ले हलताहेत. एल्डन तिच्याकडे बघत होता.

"दोघांकडे गेले की मग कुणाचेच नाहीत," नॉर्ब म्हणाला. "सगळे ट्रॉयकडे जातील."

एल्डनने पुन्हा नळी उचलली. "तुझे मासे," एवढंच म्हणाला.

ट्रॉयची माणसं आली, मासे प्लॅस्टिकच्या पिंपांतून घेऊन गेली, एकही मेला नाही. पाटी लागली. नॉर्बला चाकांच्या खुर्चीवरून नेऊन तिच्यासमोर फोटो काढला, क्लबाच्या ऑनलाइन पानावर टाकला, लोकांनी लाइकचे अंगठे दिले. नॉर्ब नव्या खोलीत राहायला गेला. पुढच्याच आठवड्यात एल्डन न विचारता दहा गॅलनची टाकी, वाळूची पिशवी, डबाभर शंख आणि आठ करडे ठिपके घेऊन हजर.

"मी नको म्हटलं होतं."

"मार्नीने हो म्हटलं," एल्डन म्हणाला आणि वाळू धुवायला बाथरूममध्ये गेला.

पहिले दोन आठवडे नॉर्बने टाकीकडे पाठ करून टीव्ही बघितला. पण ते करडे स्वस्थ बसणारे नव्हते. तोंडात वाळू भरायची, बाहेर थुंकायची, शंखाभोवती खड्डा करायचा, शेजाऱ्याने त्याच खड्ड्यात थुंकलं की दोघांनी तोंडाला तोंड लावून भांडायचं. एक दिवस नॉर्बने सहज एक शंख सरळ करायला बोट घातलं, तर एवढासा जीव बाहेर येऊन कडकडून चावला. म्हणजे कडकडून त्याच्या मानाने. नॉर्बने खुर्ची टाकीकडे वळवली. एल्डनला मात्र फोनवर सांगितलं, "अजून मेले नाहीत तुझे तुकडे."

उन्हाळ्यात खुब्यावर पुन्हा शस्त्रक्रिया झाली. शंखवाल्यांना खायला कधी नर्स घालायची, कधी मार्नी. ट्रॉयकडे जाणं राहिलं ते राहिलंच. ट्रॉय फोन करायचा, "सगळं झकास! पिल्लं झाली! तुम्ही या, ब्रँडी माझ्याकडून." नॉर्ब खूश.

ऑक्टोबरातल्या एका शुक्रवारी एल्डन त्याला पिकअपमध्ये घालून घेऊन गेला. बार भरलेला, तळलेल्या माशाचा वास, प्रत्येकापुढे तीच बशी: तळलेला पर्च मासा, बटाट्याचे पॅनकेक, राय ब्रेडचा तुकडा, कोबीची कोशिंबीर. ट्रॉयने दोघांना काउंटरच्या मधोमध बसवलं, पाटीसमोर. पाटी चकचकीत पुसलेली.

नॉर्बने वर बघितलं आणि काटा खाली ठेवला.

त्याच्या काळ्यांच्या मधून एक नर फिरत होता, त्यांच्याच बांध्याचा, पण पाठ लाल. टोमॅटोसारखी.

"तो काय आहे?" नॉर्बने विचारलं. हळू विचारलं. कानात यंत्र घालणाऱ्या एल्डनलाही ऐकू आलं.

"हां, तो!" ट्रॉय हौसेने पुढे वाकला. "जूनमध्ये आणला. लोक म्हणायचे, ट्रॉय, अर्धे मासे तपकिरीच का रे? म्हटलं थोडा रंग हवा. पण नॉर्ब, मी तुम्हाला विसरलो नाही हं. उगाच कुठलाही पोपट आणून टाकला नाही. मुद्दाम त्याच तलावातला शोधला! तुमच्या माशांचा भाऊबंदच. म्हटलं, घरच्यासारखे राहतील."

दुसरा कुठला तरी आणला असता, पार वेगळ्या मुलखातला, तर बिघडलं नसतं. भाऊबंद आणला म्हणूनच सगळं बिघडलं. जवळच्या नात्यातलेच एकमेकांत मिसळतात, संकर होतो. हे नॉर्बने क्लबात कितीतरी वेळा सांगितलं होतं. ट्रॉयच्या आधी सांगितलं होतं. ट्रॉय आल्यावर त्याला वाटलं, मोठी टाकी घेणाऱ्याला एवढं कळत असेल.

"एकटाच आणलास?" एल्डनने विचारलं.

"छे! नॉर्बचंच शिक्षण. एकटा नर ठेवायचा नाही, चिडतो. बरोबर चार-पाच माद्या हव्यात. तशा आणल्या."

आता एल्डननेही काटा खाली ठेवला.

नॉर्ब उठला. वॉकर न घेताच उठला, काउंटरला धरत धरत आत गेला आणि काचेला नाक लावून उभा राहिला. गिऱ्हाइकं बघायला लागली. कुणीतरी म्हणालं, "म्हाताऱ्याला पोरांची आठवण आली."

तो माद्या बघत होता. चिखलाच्या रंगाच्या, वीतभराच्या आतल्या, एकीसारखी दुसरी. त्यांतल्या पाच परक्या. कुठल्या पाच? ही शेपटीजवळ जरा फिकी आहे, ही का? की हिने नुकतीच पिल्लं सोडलीत म्हणून फिकी? ही दगडामागची? अठ्ठावीस वर्षं त्याने पिढ्यान्‌पिढ्या नर निवडले होते, पट्टा तिरका असलेला काढून टाकला होता, शेपटी फिकी असलेला काढून टाकला होता. माद्या मोजल्या होत्या फक्त. कुणाच्या हाती जाऊ नयेत म्हणून.

"एल्डन, इकडे ये. तू बघ."

एल्डन आला. चष्मा पुसून बराच वेळ बघितलं. "नाही सांगता येत, नॉर्ब."

"तुझ्याकडे..." नॉर्ब बोलता बोलता थांबला.

"माझ्याकडे कुठून असणार?"

ट्रॉयचा चेहरा उतरला होता. त्याला नीट समजलं नव्हतं, पण काहीतरी मोठं मोडलंय एवढं कळत होतं. "मी काढतो ना त्याला. आत्ता काढतो. लालवाल्याला. चालेल?"

"पिल्लं कुणाला देऊ नकोस," नॉर्ब म्हणाला. "एकही नाही. समजलं?"

"समजलं. शपथ."

बशीतला पर्च थंड झाला होता. नॉर्बने तो तसाच संपवला, कारण दुसरं काय करायचं ते त्याला सुचलं नाही.

नोव्हेंबरातल्या रविवारी दुपारी लिलाव होता. हॉल गच्च. ॲपलटनहून, मॅडिसनहून लोक आले होते, मिलवॉकीहूनसुद्धा. नॉर्ब पहिल्या रांगेत, वॉकर पुढ्यात. एल्डन शेजारी. बेव्ह स्टेजवर घसा साफ करत होती. गप्पींच्या पिशव्या गेल्या, शेवाळाच्या गेल्या, कुणाचा जुना हीटर गेला.

मग बेव्हने एक पिशवी उचलली, तिच्यावरचं नाव वाचलं आणि पुन्हा वाचलं.

"मंडळी! बसून घ्या! आज लग्नं लागणार आहेत! झास्ट्रोंचे काळे, आणि ऐका, ऐका, पोरं आणि पोरी दोन्ही!"

हॉलमध्ये एकदम गलका झाला. कुणी शिट्टी मारली. मागून ट्रॉय हात हलवत पुढे येत होता, हसत, गालांवर लाली. नॉर्बच्या खांद्यावर हात ठेवून कानात म्हणाला, "तुम्हाला सांगितलं नाही, म्हटलं गंमत करू. शपथ विसरलो नाही, काळजी करू नका. जरा जरी लाल दिसलं ते सगळं मी बाजूला काढलं. हे अस्सल दिसणारेच घेतलेत, एकेक तपासून. तुमचं नाव राहायला हवं, नॉर्ब."

एल्डनने डोळे मिटले.

तेच तर वाईट होतं. लाल दिसलं असतं तर कुणीही ओळखलं असतं. हे अस्सल दिसणारे. पट्टे जागच्या जागी, शेपटी नारिंगी, आणि आत काय आहे ते त्यांच्या पोरांची पोरं होतील तेव्हा दिसणार. तोवर सगळ्यांच्या टाकीत.

नॉर्ब उठून उभा राहिला. "थांबा! बेव्ह, ठेव ती खाली. हे माझे नाहीत."

"पिशवीवर तुझं नाव आहे की रे."

"मिश्र आहेत ते! संकर आहे! कुणी घेऊ नका!"

कुणीतरी मागून फिसकन हसलं, आणि त्याच्यापाठोपाठ सगळा हॉल.

"काय रे नॉर्ब," बेव्ह कमरेवर हात ठेवून म्हणाली, "पोरी उंबरा ओलांडायला लागल्या तर बापाला रडू फुटलं!"

"खरं सांगतोय मी!"

"आता तरी सोड, नॉर्ब!" मधल्या रांगेतली एक बाई ओरडली. ती दर लिलावाला यायची आणि काही वर्षांपूर्वी नेलेला त्याचा एक नर एकटाच पाळत होती. "तळघर गेलं, टाकी गेली, तरी मादी सुटत नाही होय तुझ्याच्याने?"

"अगं, माद्यांतच घोळ आहे! पट्टे काय बघताय, आईकडे बघा!"

"आजवर कधी दाखवलीस का आई?" ती म्हणाली, आणि ह्यावर तर लोक टेबलं बडवायला लागले.

नॉर्बने ट्रॉयकडे बघितलं. ट्रॉय कावराबावरा. "मी काढलाय तो लाल," तो म्हणाला, पण ते लोकांना नाही, नॉर्बलाच समजावल्यासारखं, आजाऱ्याला समजावतात तसं. "खरंच काढलाय. तुम्ही बसा. पाय दुखेल."

एल्डन उभा राहिला. "तो खरं बोलतोय," म्हणाला.

"तू बस, एल्डन! तुला मिळाल्या नाहीत म्हणून इतरांनाही नकोत?" कुणीतरी बोललं, आणि बेव्हने बोली सुरू केली.

पिशव्या चढत्या भावाने गेल्या. क्लबात इतकी चढाओढ कुणी बघितली नव्हती. एक मिलवॉकीला गेली, दोन मॅडिसनला, एक त्या मधल्या रांगेतल्या बाईला. ती पिशवी छातीशी धरून थेट नॉर्बकडे आली, डोळे ओलसर, आणि त्याचा हात दाबून म्हणाली, "मघाशी चिडवलं, राग धरू नकोस. थँक यू, नॉर्ब. इतकी वर्षं तो एकटाच होता रे." नॉर्ब तिच्या पिशवीकडे बघत राहिला. आत दोन चिखलाच्या रंगाच्या माद्या, शेजारी शेजारी. छान होत्या. तब्येतीने छान होत्या.

अजून कोण कोण आलं. हात मिळवून गेलं. तो हात देत राहिला.

एल्डनने त्याला पिकअपमध्ये चढवलं, वॉकर मागे टाकला. बाहेर बारीक बर्फ भुरभुरत होतं. शहरालगतच्या मोठ्या तळ्यावरून वारा येत होता.

"तुला दिल्या असत्या..." नॉर्ब म्हणाला.

"हो."

एल्डनने 'जाऊ दे' म्हटलं नाही. नॉर्ब वाट बघत होता, पण तो म्हणाला नाही. सिग्नलला गाडी थांबली. वायपर एकदा फिरला.

"तुझ्या तुकड्यांना पोरं झालीत," नॉर्ब म्हणाला. "शंखांतून डोकावतात. गर्दी झालीय."

"मग वसंतातल्या लिलावाला आण थोडी."

"आणतो." नॉर्बने थोडा विचार केला. "पण त्यांच्यात नर कुठला आणि मादी कुठली, तेच मला कळत नाही. किती दिवस बघतोय. सगळे सारखेच."

सिग्नल हिरवा झाला. एल्डनने गाडी सोडली.

"कळतच नाही," तो म्हणाला. "मूठभर उचलायचे आणि देऊन टाकायचे. म्हणूनच तुझ्यासाठी तेच निवडले मी."

नॉर्बने मान वळवली नाही. समोरच्या काचेवर बर्फ पडत होतं आणि वितळत होतं. इमारत आली तेव्हा आतून अकॉर्डियनचा आवाज येत होता. आज मंगळवार नव्हता, तरी कुणीतरी वाजवत होतं.